हबसाण : आमच्या किनाऱ्यावरची आफ्रिकी राजधानी

भूगोलाचा तास होता. भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा टांगलेला. बंदरही आहे आणि राजधानीही आहे अशी आफ्रिकेतील शहरे सांगा, असे आम्ही वर्गाला विचारले. डकार आले, अक्रा आले, त्रिपोली आले. मोगादिशू आणि जिबूती ही दोन नावे आम्हीच पुरवली. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा उभा राहिला. खाडीपलीकडचा, मुरूड तालुक्यातला. आजोळी राहून शिकणारा. म्हणाला, "जंजिरा."

वर्ग हसला. आम्हीही हसलो, खोटे कशाला सांगा. पुढच्या बाकावरचा एक जण वळून म्हणाला, "ये तो खुद हबशी है!" मग हसण्याला ऊतच आला. मुलगा रंगाने काळा आहे, केस कुरळे आहेत. तो खाली बसला आणि तास संपेपर्यंत त्याने वहीतून मान वर केली नाही. आम्ही टेबलावर हात आपटून वर्ग गप्प केला आणि पुढच्या प्रश्नाला लागलो.

घरी आल्यावर मात्र त्या उत्तराने पिच्छा सोडला नाही. नकाशाच्या हिशेबाने ते चूक होते. इतिहासाच्या हिशेबाने विचार केला तर वर्गातले सगळ्यांत नेमके उत्तर तेच होते, असे आम्हाला वाटू लागले. रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून, कोर्लई, काशीद, नांदगाव मागे टाकत तासाभरात मुरूड गाठता येते आणि तिथून राजपुरीचा धक्का जवळच. समोर पाण्यात जे उभे आहे, तिथे आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी सव्वातीनशे वर्षे राज्य केले. त्यांची राजधानी होती, आरमार होते, टांकसाळ होती. त्या मुलखाला लोक 'हबसाण' म्हणत, म्हणजे हबशांचा देश. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येही हे नाव सापडते. आमच्या घरांत मात्र ते उच्चारले जात नाही.

का जात नाही, हा खरा प्रश्न आहे. तिथे जायचे तर रेवदंड्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

आम्ही कोकणी मुसलमान आपली ओळख सांगताना अरबस्तानपासून सुरू करतो. कुणाचे पूर्वज बसऱ्याचे, कुणाचे कूफ्याचे, कुणाचे यमनचे. लग्नाची बोलणी चालली की शजरा निघतो. यात निव्वळ बढाई आहे असे नाही. रेवदंड्याला लागून असलेल्या चौलला अरब प्रवासी 'सैमूर' म्हणत. अल्-मसूदी इ. स. ९१६च्या सुमारास (हिजरी ३०४) येथे आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता. येथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. सीराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले व्यापारी, आणि त्यांच्या जोडीला 'बयासिरा'. बयासिरा म्हणजे याच मातीत जन्मलेले मुसलमान. त्यांचे तंटे मिटवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमत असे. त्याला 'हुनरमन' म्हणत. हजार वर्षांपूर्वीच्या एका हिंदू राजाने ठेवलेली ही व्यवस्था आहे आणि तिच्याबद्दल आम्हाला अभिमान वाटतो.

पण ज्या समुद्रावरून सीराफ-बसऱ्याची गलबते येत, त्याच समुद्रावरून आफ्रिकेची माणसेही येत होती. झैला, मसावा, मोखा, एडन, होर्मुझ आणि चौल ही एकाच व्यापाराची बंदरे. इथून कापड जाई; तिकडून घोडे, हस्तिदंत, सोने येई, आणि माणसे येत, गुलाम म्हणून. व्यापाऱ्याचे नाव शजऱ्यात राहिले, त्याच गलबतावरून उतरलेल्या गुलामाचे राहिले नाही. शजरा बापापासून बापापर्यंत जातो. त्यात आई कुठली, हे कुणी लिहीत नाही. बयासिरांच्या आया कुठल्या होत्या, हे तरी कुणी विचारले आहे?

'हबशी' हा शब्द 'हबश' या अरबी नावावरून आला. हबश म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया आणि इरिट्रियाचा प्रदेश. दीनियातच्या तासाला मुलांना आम्ही पहिल्या हिजरतीचा धडा शिकवतो. मक्केत जगणे अशक्य झाले तेव्हा, इ. स. ६१५च्या सुमारास, पहिल्या मुसलमानांना आसरा दिला तो हबशच्या ख्रिस्ती बादशहाने, नजाशीने. मसावा बंदरात एक लहानशी मशीद आहे. सहाबा तिथेच उतरले असे तिथले लोक मानतात. पहिली अजान दिली ती हजरत बिलाल यांनी, तेही हबशी. धडा पाठ असतो, परीक्षेत गुण मिळतात. मग मधल्या सुट्टीत तोच शब्द शिवी म्हणून वापरला जातो.

'सिद्दी' या शब्दाचा प्रवास याच्या उलटा झाला. तो 'सय्यिदी' या अरबी शब्दावरून आला, अर्थ 'माझे धनी'. जे गुलाम म्हणून विकले गेले त्यांनाच पुढे लोक धनी म्हणू लागले. दख्खनमध्ये हे घडू शकले याचे कारण तिथल्या राजवटींची गरज. बहमनी राज्य आणि त्यातून फुटलेली निजामशाही, आदिलशाही यांच्या दरबारात दख्खनी आणि इराण-तुराणकडून आलेले आफाकी असे दोन तट होते. सुलतानाला या दोन्हींपैकी कुणाचा भरवसा वाटत नसे. ज्याचे इथे भाऊबंद नाहीत, वतन नाही, असा माणूस त्याला हवा असे. हबशी गुलाम तसा होता. त्याला शिकवले जाई, घोडा आणि हत्यार दिले जाई. कर्तबगारी दाखवली की जहागीरही मिळे. मालक वारला की पुष्कळदा तो मोकळा होई.

मलिक अंबरची गोष्ट सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. हररच्या बाजूचा हा मुलगा, मूळ नाव चापू. तो विकला गेला, मोखा आणि बगदादमार्गे अहमदनगरला आला. तिथे त्याला चंगेजखान या निजामशाहीच्या पेशव्याने विकत घेतले आणि हा चंगेजखान स्वतःच एके काळी विकला गेलेला हबशी होता. अंबरने मोगलांना पंचवीस वर्षे दख्खनच्या वेशीवर अडवून धरले, १६१०मध्ये खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद आणि आताचे छत्रपती संभाजीनगर. १६२६मध्ये तो वारला. त्याने जमिनीची जी महसूलपद्धत बसवली, तिची आठवण मराठी मुलुखात पुढे कित्येक पिढ्या राहिली.

आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांना या हबशांच्या नावांत एक गोष्ट चटकन दिसते. अंबर हे सुगंधी द्रव्य. याकूत म्हणजे माणिक. मराठी बखरींत ज्याला 'सिद्दी संबूळ' म्हटले आहे तो मुळात सुंबुल, म्हणजे एक सुवासिक वनस्पती. सुरूर म्हणजे आनंद. मालकाने हौसेने ठेवलेली ही नावे आहेत, घरातल्या किमती वस्तूला ठेवावीत तशी. आईबापांनी ठेवलेले नाव बंदरावरच उतरवून घेतले जाई. अंबरचे 'चापू' हे नाव आपल्याला कळले, हा अपवादच. याकूतखानाला त्याची आई काय म्हणून हाक मारत असेल, हे आता कुणालाही सांगता यायचे नाही.

आता पुन्हा आमच्या खाडीवर येऊ. १५०८मध्ये चौलसमोर मिसरच्या मामलूक सुलतानाच्या आरमाराने आणि दीवच्या मलिक अयाजने पोर्तुगीजांना हरवले. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. पण विजय टिकला नाही. १५२१ ते १५२४ या काळात निजामशहाच्याच परवानगीने पोर्तुगीजांनी कुंडलिकेच्या मुखाशी कोट बांधला. आजचे रेवदंडा गाव त्याच कोटाच्या आत वसले आहे. सातखणी मनोरा, पडक्या चर्चच्या भिंती, तटातून आरपार जाणारा डांबरी रस्ता हे सारे आमच्या रोजच्या वाटेवरचे आहे.

आपण दिलेली परवानगी आपल्याच गळ्याशी आली, हे निजामशाहीला उशिरा कळले. १५७०च्या अखेरीस मुर्तजा निजामशहाने रेवदंड्याला वेढा घातला. आघाडीला फरहादखान हा हबशी सरदार होता. वेढा १५७१च्या पावसाळ्यापर्यंत चालला आणि फसला. फरिश्ता या इतिहासकाराने त्याचा दोष निजामशाही सरदारांना दिला आहे. पोर्तुगीजांनी पाठवलेल्या भेटींना, विशेषतः दारूला, ते भुलले असे तो म्हणतो. फरिश्ताचे म्हणणे किती खरे मानायचे ते वाचकांनी ठरवावे; हरल्यावर कुणीतरी फितूर शोधावाच लागतो.

याच सुमारास दक्षिणेच्या पुढच्या मोठ्या खाडीच्या तोंडाशी दुसरे एक काम चालले होते. राजपुरीच्या खाडीसमोर खडकाळ बेटावर कोळ्यांचा मेढेकोट होता, म्हणजे लाकडी मेढी ठोकून केलेला कोट. राम पाटील नावाचा कोळी तिथला प्रमुख. इ. स. १४९०च्या आसपास पिरमखान हा निजामशाही सरदार व्यापारी बनून आला, रेशमाच्या आणि दारूच्या पेट्या ठेवायला जागा मागितली, रात्री कोळ्यांना दारू पाजली आणि पेट्यांतून सैनिक बाहेर काढले, अशी आख्यायिका आहे. राज्य घेण्याच्या अशा गोष्टी जगभर सांगतात. पण बेट मुळात कोळ्यांचे होते आणि ते त्यांच्याकडून घेतले गेले, एवढा भाग यातून गाळता येत नाही. त्याच बेटावर १५६७ ते १५७१ या वर्षांत दगडी तट उभा राहिला असे सांगतात. रेवदंड्याचा वेढा फसला ते साल आणि जंजिऱ्याचा तट पुरा झाला ते साल एकच पडते. पोर्तुगीजांना कुंडलिकेतून हुसकता येत नाही, तेव्हा आपली खाडी तरी आपल्या हाती राहावी, हा हिशेब उघड दिसतो. राजपुरीच्या खाडीतून आत म्हसळ्याकडे जाता येते आणि तिथून घाटवाटा. हा मार्ग फार जुना. खाडीकाठच्या कुडे लेण्यांतले शिलालेख त्याची साक्ष देतात.

'जंजिरा' हे अरबी 'जझीरा'चेच रूप, अर्थ बेट. सुमारे १६२०पासून सिद्दी अंबर (हा मलिक अंबर नव्हे, याला 'सानक' म्हणजे धाकटा म्हणत) येथे कारभार पाहू लागला आणि तेव्हापासून हबसाण हे वेगळे राज्य मानले जाते. निजामशाही १६३६मध्ये बुडाली. राजपुरीच्या सिद्दींनी आधी आदिलशाहीचे आणि पुढे मोगलांचे नाव घेतले. बेट मात्र स्वतःच सांभाळले.

या राज्याची एक रीत आम्हाला विशेष वाटते. सुरुवातीच्या काळात बापामागून मुलगा गादीवर येईलच असे नसे. सिद्दी सरदार एकत्र बसत आणि आपल्यातला जो लायक वाटेल त्याला पुढे करत. ज्यांना वंशावळच नव्हती त्यांनी वंशाला फार महत्त्व दिले नाही, असे म्हणता येईल. पुढे नवाबीत वारसाहक्क आला आणि त्याबरोबर भाऊबंदकीही आली. १७९१मध्ये गादीवर हक्क सांगणाऱ्या बाळूमियाला सुरतेजवळचे सचिन देऊन पेशव्यांनी वाद मिटवला. तिथे दुसरे सिद्दी संस्थान झाले. काठियावाडातले जाफराबादही अठराव्या शतकात जंजिऱ्याकडे आले. मुरूडच्या नवाबाचे बंदर गुजरातेत कसे, हे कोडे मुलांना नकाशावर घालून पाहावे.

छत्रपती शिवाजी महाराज आणि जंजिरा हा विषय शाळेत असतो, म्हणून त्याचा विस्तार करत नाही. महाराजांनी किनाऱ्यावरचा दंडा-राजपुरी घेतला, १६६९मध्ये बेटालाही वेढा दिला. किल्लेदार फत्तेखान शरण जायच्या विचारात होता. तेव्हा संबूळ, कासीम आणि खैरियत या तिघा सिद्दींनी त्याला कैदेत टाकले आणि मोगलांशी संधान बांधले. १६७१मध्ये होळीच्या रात्री कासीमने दंडा-राजपुरी परत घेतला. महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभारला. १६८२मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून बेटापर्यंत सेतू बांधायला घेतला, पण मोगल कल्याणवर आल्याने ते काम सोडावे लागले.

मुलांच्या डोक्यात मात्र एवढेच राहते की जंजिरा म्हणजे न मिळालेला किल्ला. मग आत कोण राहत होते, ते काय खात होते, कुठली भाषा बोलत होते, हे विचारायचे राहून जाते. आणि आमच्या मुलांवर आणखी एक ओझे पडते. धडा संपला की कुणीतरी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहते, जणू सिद्दी कासीम यांचाच आजा. वास्तविक सिद्दी राज्यकर्ते मूठभर होते, आणि महाराजांच्या बाजूलाही सिद्दी हिलालसारखे हबशी सरदार होते, आरमारात दौलतखान होता. उलट बाजूने, सिद्दींचा पराक्रम ऐकून छाती फुगवणारे आमच्यातही आहेत. त्यांना घरात मात्र मुलीसाठी सिद्दी स्थळ चालत नाही.

पराक्रमाच्या जोडीला जाचही होता, तो आम्ही झाकणार नाही. सिद्दींची गलबते किनाऱ्यावरची गावे लुटत, माणसे पकडून विकत. बाळाजी आवजी चिटणीसांच्या वडिलांना सिद्दीने मारले आणि विधवा आई व मुलांना विकायला पाठवले, ती राजापूरला सोडवली गेली, असे परंपरा सांगते. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या जाचामुळे गाव सोडून घाटावर गेले आणि त्यांच्या घराण्यात पेशवाई आली. सिद्दी सातने १७२७मध्ये चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानाची नासधूस केली. त्याचे पडसाद पुढच्या मोहिमेत उमटले आणि १७३६मध्ये चिमाजी आप्पांनी रेवसजवळ कामार्ले येथे त्याला लढाईत मारले. जे स्वतः बाजारात विकले गेले होते, त्यांच्या वारसांनी दुसऱ्यांच्या लेकराबाळांना विकावे, ही गोष्ट वाचताना मन खट्टू होते. मुलांना आम्ही हेही सांगतो.

आता राजधानीविषयी. बाहेरून तट सुमारे चाळीस फूट उंच. दरवाजा राजपुरीच्या दिशेला, पण असा वळणात लपवलेला की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दरवाज्यावर पंजात हत्ती धरलेल्या शार्दूलाचे शिल्प आहे. आत गोड्या पाण्याची मोठी तळी आहेत. चहूबाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोडे, यावरच बेटाचे सारे आयुष्य उभे होते. सुरूलखानाच्या वाड्याच्या उंच भिंती अजून उभ्या आहेत. हा सुरूलखान म्हणजे मघाचा 'सुरूर'. पीर पंचायतनचे ठिकाण आहे. कलालबांगडी ही तोफ पाहायला पर्यटक गर्दी करतात. पश्चिमेला एक लहान दरवाजा उघड्या समुद्राकडे जातो, त्याला दर्या दरवाजा म्हणतात. गेल्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आत काही कुटुंबे राहत होती. मग ती किनाऱ्यावर आली.

हे बंदर चालत होते कशावर? नारळ-सुपारी, मासळी, मीठ आणि जंगलाचे लाकूड हे घरचे उत्पन्न. पण आरमार पोसायला ते पुरेसे नव्हते. औरंगजेबाने सिद्दींना आपले दर्यासारंग केले. सुरतेहून मक्केला जाणाऱ्या हाजींच्या आणि व्यापाऱ्यांच्या जहाजांना संरक्षण द्यायचे आणि त्याबद्दल सुरतेच्या महसुलातून पैसा घ्यायचा, असा करार होता. विचार करा, ज्या समुद्रावरून त्यांना बांधून आणले होते, त्याच समुद्राची राखण आता ते करत होते. पावसाळ्यात हे आरमार मुंबईला माझगावात येऊन थांबे. इंग्रजांना ते नकोसे होई, पण मोगलांच्या भीतीने नाही म्हणता येत नसे. १६८९मध्ये इंग्रजांचे मोगलांशी बिनसले, तेव्हा सिद्दी याकूतखान मुंबईवर चालून आला आणि १६९०च्या उन्हाळ्यापर्यंत माझगावात ठाण मांडून बसला. इंग्रजांना औरंगजेबाची माफी मागावी लागली, तेव्हा कुठे तो निघाला. मुंबईच्या इतिहासात हे प्रकरण दोन ओळींत उरकतात.

इंग्रजी अमलात समुद्रावरची सत्ता गेली. १८३४मध्ये खोट्या चलनाच्या कारणावरून जंजिऱ्याची टांकसाळ बंद झाली. राजधानी हळूहळू बेटावरून मुरूडला आली. टेकडीवर राजवाडा झाला, बाजार आणि कचेऱ्या वाढल्या. १९०१च्या जनगणनेत संस्थानची वस्ती ८५,४१४ होती. त्यात बहुसंख्य हिंदू होते, मुसलमान थोडे आणि त्यांत सिद्दी तर बोटांवर मोजण्याइतके. नवाबाचे शिकारीचे रान आज फणसाड अभयारण्य म्हणून राखले आहे.

उर्दूवाल्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. नवाब सिद्दी अहमदखान यांची बेगम नाझली रफिया या फैझी घराण्यातल्या. अतिया फैझी यांच्या भगिनी. १८८६मध्ये लग्न होऊन त्या मुरूडला आल्या. त्यांचे 'सैर-ए-यूरोप' हे प्रवासवर्णन उर्दूत बायकांनी लिहिलेल्या सुरुवातीच्या प्रवासवर्णनांपैकी आहे. मौलाना शिबली नोमानी जंजिऱ्याला येऊन राहिले होते. इक्बालनी अतियाबाईंना लिहिलेल्या पत्रांत जंजिऱ्याचे निमंत्रण येते. यायचे म्हणता म्हणता त्यांचे येणे झाले नाही. आमच्यापैकी कितीतरी शिक्षकांनी शिबली आणि इक्बाल परीक्षेसाठी घोकले, पण त्यातले एक पान मुरूडच्या समुद्राशी जोडलेले आहे, हे आम्हाला बी.एड. होईपर्यंत कुणी सांगितले नव्हते.

देश स्वतंत्र झाला. जानेवारी १९४८मध्ये मोहन धारिया, नानासाहेब पुरोहित यांच्या पुढाकाराने लोक उठले, म्हसळा-श्रीवर्धनची ठाणी ताब्यात घेतली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. शेवटचे राज्यकर्ते नवाब सिद्दी मुहम्मदखान १९७२मध्ये वारले. राज्य संपले, आणि गंमत अशी की ते संपल्याचे दुःख किंवा आनंद याबद्दल आमच्या बुजुर्गांच्या तोंडून फारसे काही ऐकू आले नाही. तो त्यांना 'सिद्दीचा' मुलूख होता, 'आपला' नव्हता.

या वेगळेपणाची दुसरी बाजू अशी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याच कोकणातले मुसलमान पोटासाठी आफ्रिकेला गेले, केपटाऊनला वसले. तेही बंदर आहे आणि देशाच्या तीन राजधान्यांपैकी एक आहे. संसद तिथेच बसते. तिथे आमच्या लोकांनी दुकाने काढली, मशिदी बांधल्या, जमात ठेवली. वर्णभेदाच्या कायद्यांत त्यांना काळे-गोरे या मोजपट्टीवर उभे करून जागा ठरवून दिली गेली. ती माणसे आफ्रिकेत राहून कोकणी राहिली, हे आम्ही कौतुकाने सांगतो. इथे आलेले आफ्रिकन चारशे वर्षे कोकणात राहून, कोकणीच बोलून, आमच्यातच लग्ने करून परके ते परकेच. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या जंगलात राहणारे सिद्दी, गुजरातेतले सिद्दी हे तर आमच्या बोलण्यातही येत नाहीत.

मसावाचे नाव वर आले आहे. १८९०मध्ये इटलीने इरिट्रियाची वसाहत जाहीर केली, तेव्हा पहिली राजधानी तेच बंदर होते. प्रवाळाच्या बेटांवर प्रवाळाच्याच दगडाची घरे, बेटाबेटांना जोडणारे बांध, अरबी वळणाच्या खिडक्या. त्याची चित्रे आम्ही पाहिली तेव्हा राजपुरीच्या धक्क्यावरून दिसणारा जंजिरा आठवला. तिथून निघालेल्या माणसाने इथे पाण्यातला खडक पाहिला असेल तेव्हा त्याला काय वाटले असेल, अशी कल्पना मनात आली. अर्थात हे आमचे मन झाले. इतिहासात याला आधार नाही.

गेल्या हिवाळ्यात वर्गाला घेऊन जंजिऱ्याला गेलो. मुले शिडाच्या होडीत ओरडत होती, नाखवा त्यांना एका बाजूला गर्दी करू नका म्हणून दटावत होता. किल्ला पाहून परतताना खोकरीला उतरलो. तिथे तीन दगडी घुमट आहेत, सिद्दी सुरूलखान, कासीम याकूतखान आणि खैरियतखान यांच्या कबरींचे. पर्यटक तिथे क्वचितच थांबतात. थांबले तरी दगडावरची अक्षरे त्यांना नक्षी वाटते. आमच्या मुलांना ती नक्षी वाटली नाही.

भूगोलाच्या तासाला खाली बसलेला तो मुलगा सगळ्यांत पुढे होता. भिंतीवरच्या लेखावरून बोट फिरवत तो एकेक हर्फ जोडू लागला. बाकीची मुले मागे गोळा झाली. त्याला हसणारा मुलगाही त्यांत होता. दगड झिजला होता, नुक्ते नीट दिसत नव्हते. 'ये' आणि 'काफ' जुळले, पुढच्या अक्षरावर तो अडला आणि आमच्याकडे पाहू लागला. आम्ही चष्मा पुसून जवळ गेलो.